कंदीलवाल्यांचे कंट्रोलर

पडद्यावर ड्रॅगनने राजवाडा पेटवलेला असायचा, जादूगार मरून पडलेला असायचा, राजा वाट फुटेल तिकडे पळत असायचा, मागे उभी पोरं केस उपटत असायची आणि खुर्चीत ताठ बसलेले आमचे आबा कंट्रोलर शांतपणे, नाकातून जाहीर करायचे, "कुणी गडबड करू नये. कंदीलवाले परत आल्याशिवाय लढाई सुटणार नाही."

लढाई 'सुटते' हे भोरच्या बाहेर कोणाला पटणार नाही. पण आबांची सगळी नोकरी एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली सुटली, कुठली का सुटत नाही, हे माईकमधून सांगायचं. त्या आवाजावर अख्खा तालुका धावलाय. आबांना आडनाव आहे, पण ते बहुधा त्यांच्या पेन्शनच्या कागदांनाच माहीत असेल. आम्हाला ते कंट्रोलर. त्यांच्या बायकोला भाजीवाल्या 'कंट्रोलरीणबाई' म्हणायच्या.

स्टँडसमोर, जिना चढून वर, माझा कॉम्प्युटर क्लास होता. मोबाईल नुकते येऊ लागले होते तो काळ. बोर्डावर मी मोठ्या हौसेने 'संगणक साक्षरता केंद्र' असं लिहून घेतलं होतं. साक्षरता दुपारी व्हायची. संध्याकाळी ड्रॅगन. हा परदेशी लढायांचा खेळ. राज्य बांधायचं, शेतं लावायची, सैन्य उभारायचं, आणि जादूगार, राक्षस, ड्रॅगन वगैरे मंडळींशी लढायचं. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, म्हणून आम्ही नुसतं 'ड्रॅगन' म्हणायचो. भाग एक झाला होता, भाग दोन चालू होता. सीडी पुण्याहून यायची, पांढऱ्या पाकिटातून, आणि ती कुठून आली हे विचारायचं नाही असा शिष्टाचार होता.

क्लासचा मालक मी, आणि तालुक्यातला सर्वांत वाईट खेळाडूही मीच. शत्रू यायच्या आधीच माझं राज्य उपाशी मरायचं, कारण शेतं लावायची सोडून मी चौकात स्वतःचे पुतळे बांधत बसायचो.

आबा पहिल्यांदा वर आले ते तक्रार घेऊन. "सर, तुमच्या हितं रोज संध्याकाळी कुणाचा खून होतो?"

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि छाप पाडायची म्हणून स्वतः खेळून दाखवायला घेतलं. या खेळात नकाशा आधी सगळा काळा असतो. कोणी पुढे गेलं की तेवढा भाग उजळतो. त्यासाठी खेळात एक कंदीलवाला आहे. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर कानटोपी, हातात कंदील. शस्त्र नाही. त्याच्यावर क्लिक केलं की तो खाकरतो, एवढंच त्याचं संभाषण. सगळी पोरं त्याला जंगलात पुढे पाठवायची. तो मेला की ड्रॅगन कुठे बसलाय ते कळायचं. मीही पाठवला. ड्रॅगनने त्याला गिळला.

"बघा आबा," मी ऐटीत म्हणालो, "आता आपल्याला कळलं ड्रॅगन कुठे आहे."

"आन् तो मानूस?"

"कुठला?"

"कंदीलवाला."

"तो गेला."

"गेला म्हंजी? परत कवा यायचा?"

"परत नाही येत तो, आबा. त्याचं कामच ते आहे."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, वेल्ह्याच्या वर डोंगरात आमची मुक्कामी गाडी जायची. संध्याकाळी जायची, रात्री तितंच ऱ्हायची, सकाळी परत. पावसाळ्यात दरड, धुकं, काय बी. ती परत स्टँडात शिरस्तोवर आमच्या घशाखाली चहा उतरायचा न्हाई. म्होरं पाठवलेला मानूस परत आला पायजे. जमत नसंल तर पाठवू नगा." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरका."

मी सरकलो. ती खुर्ची मला नंतर फारशी मिळालीच नाही.

आबांची खेळण्याची पद्धत जगात दुसऱ्या कोणाची नसेल. कंदीलवाला कधी एकटा पाठवायचा नाही. जोडीने पाठवायचा. "डायवर-कंडक्टर," असं त्याचं कारण. नदीपाशी थांबा, टेकडीपाशी थांबा. संध्याकाळ व्हायच्या आत सगळे माघारी. तोवर राजाने, सेनापतीने, घोडदळाने ताटकळत उभं राहायचं. इरफान हा आमच्याकडचा सगळ्यात पट्टीचा खेळाडू, कॉलेजात शिकणारा, हायवेकडून रोज यायचा. तो आबांच्या मागे उभा राहून तळमळायचा.

"आबा, राजा मरतोय तिकडं."

"राजाला घोडा हाय. ह्याला काय हाय?"

अशा रीतीने आबांनी बहुतेक लढाया जिंकल्या नाहीत आणि हरल्याही नाहीत. त्या सुटल्याच नाहीत.

पुढे आबांनी कंदीलवाल्यांना नावं द्यायला सुरुवात केली. उत्रोलीचा तुकाराम, किकवीचा हनीफ, वेल्ह्याचा धोंडू. आणि मग भलतंच झालं. राजा, जादूगार, ड्रॅगन यांना कोणी विचारेनासं झालं. उत्रोलीची पोरं सायकली हाणत यायची आणि जिन्यातूनच ओरडायची, "तुकाराम आला का माघारी?" किकवीकरांचं म्हणणं पडलं की हनीफला मुद्दाम चिखलातून पाठवतात. स्टँडवर भाजी विकणाऱ्या हिराबाई तर एकदा पाटी खाली ठेवून वर आल्या, कारण एका कंदीलवाल्याला त्यांच्या नवऱ्याचं नाव दिल्याचं त्यांना कळलं होतं.

"आमचं मालक हायती का जित्ते?"

"हायेत की," आबा म्हणाले. "नदीपल्याड, जंगलात गेल्यात."

"बगा की. घरात घागर उचलत न्हाईत, आन् हितं जंगलात जात्यात." एवढं बोलून त्या गेल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. का, तर ते जंगलातून सुखरूप आले का बघायला.

इरफानने आतापर्यंत कंदीलवाल्यांचे ढीग पाडले होते. तोही चोरून त्यांना परत आणू लागला. मी पकडल्यावर म्हणाला, "सर, आबांना सांगू नका. पण ते खाकरतात ना, ते आता नाही बघवत."

हे सगळं चाललं असताना एक दिवस इरफाननेच इंटरनेटवर बातमी वाचली. भाग तीन येतोय. त्यात नकाशा उजळायला 'जादूचा डोळा' आहे. कंदीलवाले बंद.

आम्ही आबांना हळूच सांगितलं. त्यांनी माउसवरचा हात काढला. "फेरी बंद केली म्हना की," एवढंच बोलले आणि जिना उतरून गेले. दोन दिवस फिरकले नाहीत. हिराबाईंनी खालून विचारलं, "कंट्रोलर आजारी हायेत व्हय?" तिसऱ्या दिवशी आले ते त्यांच्या मूळ वाडीच्या सरपंचांना घेऊन. ही वाडी वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला. सरपंचांच्या हातात ग्रामसभेचा ठराव होता.

गावची गाडी बंद होणार म्हटल्यावर आमच्याकडे जे करतात तेच करायचं ठरलं होतं. म्हणजे निवेदन. आबांनी तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं. "विषय: कंदीलवाले कायम ठेवणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर कंदीलवाले हे दुर्गम भागातील अंधार दूर करणेकामी वर्षानुवर्षे सेवा देत असून..." शेवटी होतं, "सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा. अन्यथा किकवी येथे रास्ता रोको करण्यात येईल."

"आबा, कंपनी अमेरिकेत आहे. किकवीला हायवे अडवून तिचं काय बिघडणार?"

"त्यास्नी कुठं म्हाईत, किकवी कुठाय ती? रास्ता रोको म्हनलं की फाईल हालती. लिवा तुमी."

इंग्रजी भाषांतराची जबाबदारी माझ्यावर आली, कारण बोर्डावर माझ्या नावापुढे बी. ए. होतं. मी रात्रभर शब्दकोश घेऊन बसायला हवं होतं. मी तासाभरात उरकलं. 'सहानुभूतिपूर्वक'साठी मी जो भारदस्त शब्द वापरला तो इंग्रज लोक कोणी वारल्यावर तारेत घालतात, हे मला फार नंतर कळलं. त्यामुळे कंपनीच्या साहेबाने ते वाचलं असेल तर त्याची समजूत अशी झाली असणार की भोर आणि वेल्हे तालुक्यांत कंदीलवाले वारले असून लोक दुःखात हायवेवर बसले आहेत. खाली सह्या, अंगठे आणि ग्रामपंचायतीचा शिक्का. सगळं स्कॅन करून ई-मेलने पाठवलं. मध्ये दोनदा वीज गेली.

मिनिटाभरात उत्तर आलं. सरपंच खुर्चीतून उठून उभे राहिले. मी खड्या आवाजात वाचून भाषांतर केलं: आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. आपलं म्हणणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

"एवढ्या लवकर तर माजी बायको बी उत्तर देत न्हाई," सरपंच म्हणाले आणि पेढे आणायला गेले.

पेढे खाऊन झाल्यावर इरफानने मला कोपऱ्यात घेतलं. त्याने शंका म्हणून कंपनीला नुसतं 'हॅलो' असं पाठवून बघितलं होतं. त्यालाही तेच उत्तर आलं होतं, शब्दाला शब्द. मशीनच पाठवतं ते. आम्ही दोघांनी आबांकडे बघितलं. ते हिराबाईंना पेढा देत होते. आम्ही आणखी एकेक पेढा घेतला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. आबा रोज यायचे, खेळायचे, पण कंदीलवाल्यांना फार लांब पाठवेनात. जाताना जिन्यात विचारायचे, "काय कळलं का वरनं?" मी म्हणायचो, विचाराधीन आहे. हा शब्द त्यांना धीर द्यायचा. मला मात्र झोप यायची नाही. भाग तीन बाजारात आल्याचं कळलं तेव्हा मी आणि इरफान पुण्याला निघालो. या वेळी पांढरं पाकीट नको, दुकानातून ओरिजिनल आणू, असं इरफान म्हणाला. आबा स्टँडवर सोडायला आले.

"सर, ते नसले तर खेळ आनू नगा. हात हालवत या. म्हंजी मला विचाराया नको."

संध्याकाळी आमची एसटी भोरला शिरली तेव्हा आबा होते तिथेच उभे होते, शेजारी सरपंचही. मी दारातून उतरलो आणि पिशवीतून खोका काढून आबांच्या हातात दिला.

खोक्यावर मधोमध, डोक्यापासून बुटापर्यंत, कंदीलवाला उभा होता. कंदील वर धरलेला. राजा आणि जादूगार त्याच्या मागे, लहान, अर्धे अंधारात. आतल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, या दुय्यम पात्रावर खेळाडूंचं एवढं प्रेम असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. जगभरातून आलेल्या आग्रहामुळे त्याला परत आणत आहोत. इरफानने हे स्टँडवरच मोठ्याने वाचून सांगितलं.

"जगभरातनं म्हंजी आपल्याकडनंच," सरपंच म्हणाले. "जग कुठनं सुरू होतं?"

आता, पत्रं हजारोंनी गेली असतील, जपानातून, जर्मनीतून, कुठून कुठून. शक्य आहे. पण अंगठे आणि ग्रामपंचायतीचा शिक्का असलेलं एकच गेलं असणार, आणि ते आमचं होतं. ते श्रेय आम्ही आजही सोडलेलं नाही. पुण्यातला कोणी खेळाडू भेटला की मी हे सांगतो. तो हसतो. हसू दे.

वर क्लासात पोरांची झुंबड उडाली. इरफानने खेळ चढवला आणि खुर्ची मागे ओढली. "आबा, पहिला हात तुमचा."

आबा बाकावर बसले होते. खोका मांडीवर. "तू खेळ, लेका."

मी शेजारी जाऊन बसलो. ते हळू आवाजात बोलले, पडद्याकडे बघतच. "आमची आई बत्ती धरायची, सर. लगीनसराईत, वरातीत. डोक्यावर चुंबळ, त्याच्यावर गॅसबत्ती. नवरदेवाचं तोंड दिसाया पायजे म्हनून म्होरं चालायची. मी पदर धरून संगं. भोरातल्या मोठ्या मोठ्या लोकांची लग्नं. फोटू काढनारा यायचा न् म्हनायचा, ए बत्तीवाले, बाजूला सरक, पर उजेड तिकडंच ठेव."

पोरांनी कसला तरी गलका केला. आबा थांबले, तो ओसरू दिला.

"लई लोकांच्या घरात त्या वरातींचे फोटू हायेत. मी बगितल्यात. सगळ्यांची तोंडं आईच्या उजेडात. तिचा एक बी न्हाई."

मी त्यांच्या मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं.

आबा उठले. "सर, सीडी ऱ्हाऊ द्या तुमाला. ह्यो रिकामा खोका न्हेऊ का मी?"

दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो. फळीवर देवांच्या तसबिरी, वडिलांचा एक जुना फोटो, आणि त्यांच्या बरोबरीने तो खोका. समोर झेंडूचं फूल. काकूंनी चहा दिला आणि माझी नजर तिकडे गेलेली बघून हसल्या.

"येनारा-जानारा इचारतो, हे कोन म्हनून. आमाला काय सांगता येत न्हाई बया. हे सांगत्यात."

"काय सांगतात?"

आबा आत आपट्याची पानं आणायला गेले होते. त्यांनी तिथूनच उत्तर दिलं.

"आईच्या खात्यातले हायेत."