चित्रं उजवणारे नाना

आमच्या जालन्याकडच्या टेंभुर्णीचे सुखदेवनाना पेंटर चित्रं विकत नाहीत, उजवतात. पोरीचं लग्न लावून दिल्यावर बाप जो शब्द वापरतो, तोच. "पोळ्याला दोघी उजवल्या," असं ते सांगतात. चित्र हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे बी.ए.ला मराठी घेऊनही मी त्यांना पटवू शकलो नाही.

नाना मूळचे पाट्या रंगवणारे. आसपासच्या किराणा दुकानांवर, पिठाच्या गिरण्यांवर त्यांचंच अक्षर होतं. मी पास झालो तेव्हा आमच्या दारावर त्यांनी माझं नाव आणि खाली 'बी.ए.' असं फुकट रंगवून दिलं. आमच्या घरात तोवर कोणी दहावीही झालेलं नव्हतं. वडलांना वाचता येत नाही. ते येता-जाता त्या दोन अक्षरांना हात लावतात. तेव्हापासून नाना मला 'बीए' म्हणूनच हाक मारतात.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या बंद झाल्या. नाना चित्रांकडे वळले. गाय-वासरू, पाणवठा, ज्वारीचं रान. जत्रा असो की गणपतीतली रस्त्यावरची गर्दी, दोन बांबूंना दोरी बांधून ते चित्रं टांगतात. पाटीची सवय मात्र गेली नाही. प्रत्येक चित्रात, ऐन मावळतीच्या आभाळात, ठळक आकड्यांत त्यांचा मोबाईल नंबर असतो. "सासरी काही कमीजास्त झालं तर बापाला फोन लावता आला पाह्यजे."

गिऱ्हाइकाला किंमत सांगायच्या आधी ते भिंतीची चौकशी करतात. भिंत कोणती? ओल येती का? समोर चूल हाय का? धुरानं पोर काळी पडंल. एका बाईंनी गुलाबी भिंत सांगितली, तर आधी रंग बदला, मंग या, म्हणून त्यांना परत पाठवलं. बाई पुन्हा आल्या नाहीत. नाना तीन दिवस त्यांची वाट बघत होते.

यंदा गणपतीत ते जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत बसले होते. मी जालन्यातच खोली घेऊन राहतो, त्यामुळे कामावरून सुटलो की त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. गेल्या साली कापसाला भाव मिळाला नव्हता, बाजार थंड होता. लोक यायचे, चित्रापुढे सेल्फी काढायचे आणि शेजारच्या गाड्यावर छापील पोस्टर घ्यायचे.

"बीए, नुसता बघायचा कार्यक्रम चालू हाय," नाना म्हणाले. "पोहे खाऊन जाऊन राह्यले. पसंती कोणीच कळवंना."

सातव्या दिवशी वडीगोद्रीकडे हायवेवर लॉज बांधलेले एक शेठ गाडीतून उतरले. सगळीच द्या म्हणाले, खोल्यांमधून लावायची आहेत. मला वाटलं, नानांचं वर्ष निघालं. नानांनी विचारलं, भिंत कोणती? शेठ हसले. जेवढ्या खोल्या तेवढ्या भिंती, म्हणाले. नाना म्हणाले, "न्हाई जमणार."

शेठ गेल्यावर मी चिडलो. एवढ्या मंदीत आलेलं गिऱ्हाईक कोणी घालवतं का, घरात पीठ तरी आहे का, असं नको तेवढं बोललो. नाना फडक्यानं गाय-वासरू पुसत राहिले.

"लॉजच्या खोलीत रोज नवा माणूस," ते म्हणाले. "दिवाळीला मी कोणाच्या दारात जाऊ?"

मला तेव्हा कळलं. मूलबाळ नाही, बायको गेल्यापासून नाना घरात एकटेच. दिवाळीत ते पिशवीत चिवडा घेऊन उजवलेल्या चित्रांना भेटायला जातात. पूर्वी चार दिवस पुरत नसत. आता बऱ्याच घरांत त्या भिंतीवर मोठा टीव्ही आला आहे.

"मागच्या साली तीनच घरं झाली. दुपारीच वापस आल्तो."

मी ज्वारीचं रान मागितलं. चौकशीत ओळखीची सूट नव्हती. भिंत पूर्वेची, ओल नाही. पण घरमालक खिळा ठोकू देत नाही, हे मी खरं सांगून टाकलं. नानांनी मान हलवली. स्थळ बाद झालं असं समजून मी उठलो, तर त्यांनी चित्र कागदात बांधून माझ्या काखेत दिलं.

"टेकवून ठेव. पुस्तकांपाशी."

पंधरा दिवसांनी मी नानांना फोन लावला. नंबर मोबाईलमध्ये होताच, तरी आभाळातला एकेक आकडा बघून लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"काय झालं? पडली का?"

"नाही नाना, चांगली आहे ती. सहज लावला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मंग," नाना बसून म्हणाले, "काय म्हणती ती?"