कोरड्या दिवसाची गळती

चहाच्या कपात वरून थेंब पडला, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. चौकसरावांनी कप बाजूला सारला आणि मान वर केली. बाहेरच्या खोलीच्या छताला खालून प्लायवूड लावलेलं होतं. त्याच्यावर बशीएवढा पिवळा डाग होता आणि डागाच्या मधोमध दुसरा थेंब बाळसं धरत होता.

चौकसराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कचेरीतल्या लोकांनी ठेवलं होतं. जुनी कागदपत्रं सांभाळणं हे त्यांचं काम, आणि कुणी एक कागद मागितला की हे गृहस्थ अख्खी फाइल पहिल्या पानापासून वाचायला बसत. मागणारा ताटकळत राही.

"अगं, पाऊस पडून आठ दिवस झाले. मग हे गळतंय कसं?"

"कसं ते मला नका विचारू," बायको म्हणाली. "दुरुस्त करायचं की नवं घालायचं, तेवढं सांगा. चार वर्षं झाली, तुमचं ठरतंय. आता मिस्त्री येईल आणि संध्याकाळी आक्का यायच्यात."

आक्का म्हटल्यावर चौकसरावांचा चहा आणखीच बेचव झाला. आक्का त्यांची थोरली बहीण. घर घेताना तिनं उंबऱ्यात उभं राहून वर एकदा बघितलं होतं आणि सांगितलं होतं, "छप्पर गेलेलं आहे. हे घर घेऊ नकोस." चौकसरावांनी जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही आणि घर घेतलं. तेव्हापासून आक्का घरात आली की आधी छताकडे बघे, मग भावाकडे. दुरुस्ती गुपचूप उरकता आली असती. नवं छप्पर कुठे लपवणार? नवं घातलं की आक्का बरोबर ठरणार, आणि एकदा बरोबर ठरलेली आक्का मरेपर्यंत बरोबर राहणार, ह्याची चौकसरावांना खात्री होती. त्यामुळे काही झालं तरी दुरुस्तीच करायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मिस्त्री आला, शिडी लावून वर चढला आणि पत्र्यावर दोनदा टकटक करून म्हणाला, "बदलून टाका, साहेब. दुरुस्तीत राम नाही."

"पण ऊन असताना गळतं कसं?"

"पाणी आत अडकतं. मग सवडीनं उतरतं."

"आठ दिवसांनी?"

"पाण्याला काय घाई आहे?"

ह्या उत्तरानं कुणाचंही समाधान झालं असतं. चौकसरावांचं झालं नाही. ते लुंगी खोचून शिडी चढले. "एकच पत्रा उचलून बघू या," ते म्हणाले. "नुसतं बघायचं."

मिस्त्रीनं कुरकुरत नटबोल्ट सोडवले आणि दोघांनी मिळून निळा पत्रा उचलला. खाली दुसरा पत्रा होता. जुना, राखाडी, पण चांगला जाडजूड.

"हा कुणी घातला?" चौकसरावांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी आत्ताच आलो."

"म्हणजे बघा, हा राखाडी गळायला लागला म्हणून त्याच्यावर कुणीतरी निळा घातला. मग राखाडीला भोक असणार. ते सापडलं तर सगळा उलगडा होईल."

पत्र्याची कड शेजारच्या पत्र्याखाली अडकवलेली असते, त्यामुळे भोक शोधायचं तर शेजारचाही काढावा लागतो, आणि त्याच्या शेजारचाही. दहा वाजेपर्यंत बाहेरच्या खोलीवरचे सगळे निळे पत्रे अंगणात उतरले. राखाडी पत्र्याला भोक नव्हतं. चौकसरावांनी एकेक पत्रा उन्हात धरून त्यामागे डोळा लावून बघितला. गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

"अहो, संध्याकाळी आक्का!" बायकोनं खालून आठवण केली.

"आक्कासाठीच तर चाललंय!"

राखाडी पत्र्याखाली कौलं निघाली. आता मात्र मिस्त्रीचाही चेहरा पालटला. सकाळपासून जांभया देणारा माणूस दुपारी जेवायला खाली उतरेना. "साहेब, लवकर या!" तो ओरडला. "कौलांवर धूळ बघा, धूळ!"

धूळ वर्षानुवर्षांची होती आणि ठणठणीत कोरडी होती. थेंबाचा माग कुठेही नाही. म्हणजे कौलांपर्यंत पाणी कधी पोचलंच नव्हतं. शहाणा माणूस इथे थांबला असता आणि सगळं होतं तसं लावून मोकळा झाला असता. पण तीन छपरं एकावर एक, तिन्ही धडधाकट, आणि खाली चहात पाणी! चौकसरावांना आता ना दुरुस्ती सुचत होती ना नवं छप्पर. त्यांना फक्त ते पाणी कुठून येतं एवढंच हवं होतं.

"कौलांच्या खाली काय असेल हो?" त्यांनी विचारलं.

"बघू या की," मिस्त्री म्हणाला. सकाळी दुरुस्तीला नाकं मुरडणारा हाच तो मिस्त्री.

कौलं उतरली. शेवटची रांग काढताना मिस्त्रीचा पाय वाशावरून सटकला आणि प्लायवूडमधून थेट खाली बाहेरच्या खोलीत लोंबकळायला लागला. बायको नेमकी आक्कासाठी पलंगपोस बदलत होती. तिनं आधी किंकाळी फोडली आणि मग वर बघून विचारलं, "लागलं तर नाही ना?"

लागलं नव्हतं, पण प्लायवूड कामातून गेलं. अर्धवट लोंबणारे तुकडे डोक्यात पडतील म्हणून तेही सगळं काढावं लागलं. आता खोलीत उभं राहून वर बघितलं तर वासे, गोणपाटात गुंडाळलेला एक पाइप आणि निळंभोर आकाश दिसत होतं.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," बायको म्हणाली. तेवढ्यात फाटक वाजलं. आक्का ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आली होती.

आक्का आत आली आणि सवयीनं तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. आकाशातून एक कावळा गेला, तोही तिनं पूर्ण जाऊ दिला.

"म्हणजे शेवटी बदलतोच आहेस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच चौकसरावांना जास्त लागलं. घर घेतल्याच्या दिवसापासून ज्या क्षणाला ते घाबरत होते तो हा असा धुळीनं माखलेला आला होता. ते अगदी रडायच्या बेताला आले.

"चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं मी," आक्का म्हणाली. "जाऊ दे. तोंड धुते आधी. किती ही धूळ!"

"टाकी संपलीय, आक्का," बायको म्हणाली. "सकाळपासून लादीच धुतेय मी. थांबा, मोटर लावते."

मोटर घरघरली. पाणी वरच्या टाकीकडे चढायला लागलं. आक्का खोलीच्या मधोमध उभी होती. तिच्या चष्म्यावर एक थेंब पडला. मग दुसरा.

सगळ्यांनी माना वर केल्या. आकाश कोरडं होतं. पाइपाभोवतीचं गोणपाट एका जागी ओलंकिच्च झालं होतं.

"मोटर बंद कर!" चौकसराव ओरडले. थेंब थांबला. "लाव!" थेंब आला.

"अगंबाई," बायको म्हणाली, "सकाळी चहा झाला की मी रोज मोटर लावते."

मिस्त्री वाशावर चढला, त्यानं गोणपाट सोडलं आणि पाना लावून पाइपाचा सांधा अर्धा आटा आवळला. "झालं," तो म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, "एका सांध्यापायी छपरावर छपरं घातली लोकांनी."

मोटर पुन्हा लावली. दोन मिनिटं गेली, पाच मिनिटं गेली. थेंब नाही. चौकसरावांच्या अंगात वीज संचारली. दिवसभराची दमणूक कुठल्या कुठे पळाली, आणि आयुष्यभर जे वाक्य बोलायचं धाडस झालं नव्हतं ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"आक्का, तू चुकलीस! छप्पर कधी गळतच नव्हतं! ना दुरुस्ती हवी, ना नवं! माझ्या घराचं छप्पर अगदी ठणठणीत आहे!"

आक्कानं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिनं वर बघितलं. मग दारातून अंगणात रचलेल्या तीन ढिगांकडे बघितलं.

"कुठलं?" तिनं विचारलं.