पंचमरावांचं तिसरं कलम

एका जंगलात, बाळांनो, दोन धनेश राहत होते. जंगल कुठलं ते विचारू नका. मला तिथे अजून तोंड दाखवायचं आहे.

धनेश म्हणजे ती मोठ्या वाकड्या चोचीची पाखरं. एकाचं नाव उमाजी, दुसऱ्याचं केरबा. दोघेही नर. बेहड्याच्या झाडावरच्या ढोलीत सहा पावसाळे एकत्र राहत होते. उंबरं आणायचे, भांडायचे, एकमेकांची पिसं साफ करायचे. जंगलाला सगळं ठाऊक होतं आणि जंगल काही ठाऊक नसल्यासारखं वागायचं. आपल्याकडे ही फार जुनी आणि फार सोयीची पद्धत आहे.

त्यांच्याकडे एक पिल्लू होतं. वळवाच्या वादळात कावळ्याचं घरटं पडलं, तेव्हा ते चिखलात पडलेलं उमाजीला सापडलं. काळं होतं, म्हणून सगळे त्याला कावळ्याचं समजत. मीही समजत होतो.

मग त्या उन्हाळ्यात रातकिड्यांनी बातम्यांचं चॅनेल काढलं. त्यांना रोज काहीतरी धोक्यात असलेलं लागायचं. वणव्याचा हंगाम संपला होता, म्हणून कुटुंबसंस्था धोक्यात आली.

लगेच ‘परंपरागत घरटं बचाव समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष मी, पंचमराव कोकीळ. हसू नका. माझा आवाज गोड आहे आणि अध्यक्षाला दुसरं काही लागत नाही.

आता तुमच्यातला एखादा आगाऊ विचारेल, "आजोबा, कोकिळाचं घरटं कुठे असतं?" बस खाली. आमच्या घराण्यात घरटी बांधत नाहीत. मी कावळ्याला चिडवून लांब पळवायचं. तेवढ्यात बायकोने त्याच्या घरट्यात अंडं घालायचं. मग दोघांनी दोन दिशांना उडून जायचं. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं आहे. परंपरा परंपरा म्हणतात ती हीच.

वडाखाली सभा भरली. दाजीसाहेब वानर छाती बडवत गरजले, "एक नर, एक मादी! हीच आपली संस्कृती!" त्यांच्या चौदा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

गोदाक्का कोळीण डोळे पुसत म्हणाल्या, "संसार म्हणजे त्याग हो. आमच्या ह्यांनी केला." ह्यांना त्यांनी मागच्याच पंधरवड्यात खाल्लं होतं.

मग उमाजी आणि केरबाला पुढे बोलावलं. दाजीसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली.

"धनेशाची मादी ढोलीत बसून दार चिखलाने लिंपून घेते. नर बाहेरून फटीतून भरवतो. ही तुमची रीत. मग तुमच्यात आत कोण बसतं?"

"ज्याला कंटाळा आलाय तो," केरबा म्हणाला.

"आणि दार कोण लिंपतं?"

"कुणीच नाही. उघडंच असतं. तुम्ही रोज डोकावता की, दाजीसाहेब."

सभेत हशा पिकला. मला राग आला. माझ्या सभेत माझ्याशिवाय कुणी टाळ्या घेतलेल्या मला खपत नाही. मी तिथल्या तिथे कायद्याचा मसुदा सांगितला. कलम पहिलं, नर आणि मादी असेल तेच कुटुंब. कलम दुसरं, बाकीच्यांनी ढोली रिकामी करावी. कलम तिसरं खास माझं. ते मी पंचमात गायलो. ‘अशा ढोलीत पिल्लू आढळल्यास ते त्याच्या खऱ्या जन्मदात्याच्या स्वाधीन करावे.’ सर्वांत जास्त टाळ्या यालाच पडल्या. गोदाक्कांनी तर आठही पायांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, दाजीसाहेब आणि गोदाक्का असे तिघे पाहणीला गेलो. उमाजी ढोलीच्या तोंडाशी पंख पसरून उभा होता.

"ढोली घ्या," तो म्हणाला. "आम्ही दोघं दोन जंगलांत जाऊन राहतो. म्हणाल तर जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नाही. पण पिल्लाला नेऊ नका, पंचमराव. त्याला अजून नीट उडता येत नाही."

केरबा आत होता. पिल्लाला भरवत होता.

एवढी मंडळी बघून पिल्लू घाबरलं. त्याने चोच उघडली. आधी नुसतीच खरखर आली, आणि मग आवाज फुटला.

"कुहू."

दाजीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गोदाक्कांनी आठही डोळ्यांनी पाहिलं.

"अध्यक्षमहाराज," दाजीसाहेब हळूच म्हणाले, "कलम तिसरं."

बाळांनो, खोटं सांगत नाही, माझ्या काळजात कळ उठली. मलाही एका कावळिणीने वाढवलं होतं. मी तिला आई म्हणायचो. माझ्या घशातून पहिला सूर निघाला, त्या दिवशी तिने मला टोचून टोचून हाकललं. आणि इथे पिल्लाने सूर काढला, तर केरबाने त्याला आणखी एक उंबर दिलं.

त्या क्षणी मला काय काय उमजायला हवं होतं! मला एवढंच उमजलं की हे पोर आता माझ्या गळ्यात पडणार. न्यायचं कुठे? मला ना घर, ना दार. उंबर कुठल्या बाजूने भरवतात तेसुद्धा माहीत नाही.

मी घसा साफ केला आणि अहवाल सांगितला, "पाहणी केली. ढोलीत कुटुंब आढळले. भरलेले व सुखी. कोणतेही कलम लागू नाही."

दाजीसाहेबांनी मुकाट्याने पंजाचा ठसा उमटवला. कलम तिसरं खरंच लागू झालं असतं, तर त्यांनी टोळीतून हाकललेले अठरा मुलगे परत आले असते. गोदाक्कांच्या पिल्लांचा तर त्यांनाच हिशेब नव्हता. कायदा आपसूकच गुंडाळला गेला.

उमाजी माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला पडू दिलं.

रातकिड्यांनी संध्याकाळी जाहीर केलं, ‘उदारमतवादी पंचमराव!’ माझा सत्कार झाला. शाल मिळाली. नारळ मला उचलेना, तो दाजीसाहेबांनी नेला. पुढे वर्षभर मी ‘प्रेमाला कुंपण नसतं’ या विषयावर व्याख्यानं देत हिंडलो. तीही पंचमातच.

पुढच्या वसंतात मी बेहड्याखालून जात होतो. सहज हो, वाटेतच पडतं ते झाड. फांदीवर पोरगा गात होता. काय तो गळा! खालच्या फांदीवर उमाजी आणि केरबा माना डोलवत ऐकत होते.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाळ, एवढा गोड आवाज कुणाचा घेतलास रे?"

"बाबांचा," तो म्हणाला.

माझी छाती फुगली. "कुठल्या बाबांचा?"

"दोघांचा," तो म्हणाला, आणि त्याने खाली मान करून दाखवलं.

धनेशाचा आवाज तुम्ही कधी ऐकलाय का? पत्र्यावर दगड घासल्यासारखा असतो. पण पोराचा चेहरा अगदी खरा होता. त्या दोघांचाही.

"काका," त्याने मला विचारलं, "तुम्ही कुठे राहता?"

एरवी मला कुणी काही विचारलं की मी तासभर बोलतो. त्या दिवशी मी उडून गेलो.

तात्पर्य : कुटुंबसंस्था वाचवायची असेल, तर आधी आपलं पोर दुसऱ्याच्या घरी टाकून यावं. म्हणजे सभेला वेळेवर पोचता येतं.