खोक्यांना पूर्ण, बाकीच्यांना तेरा सेंट

डेटन शहरातल्या एका नामांकित गादी कंपनीने रीतसर दिवाळं काढलं आणि तिला खोकी पुरवणाऱ्या वर्ना स्टोल्झचे दोन लाख डॉलर अडकले. ते बुडाले तर तिच्या चाळीस माणसांच्या कारखान्यालाही टाळंच लागणार होतं.

कंपनी मोडायची की जगवायची, यावर धनकोंनी मत द्यायचं होतं. मतं अशी विभागली होती की वर्ना ज्या बाजूला झुकेल, ती बाजू जिंकणार. कंपनीचा वकील प्रेस्कॉट याने सर्वांना जमवून समजावलं, "मोडली तर डॉलरमागे बारा सेंट, लगेच. जगवली तर तेरा, पाच वर्षांत."

"एवढा आटापिटा एका सेंटसाठी?" गादीच्या स्प्रिंगा बनवणारा एमेट रस्क म्हणाला.

"मोडीपेक्षा कमी देता येत नाही, असा कायदा आहे. बराच जास्त द्या, असा नाही."

"आणि तुमची फी?"

"ती आधी आणि पूर्ण. दिवाळ्यानंतर जो काम करतो, त्याला जपावंच लागतं. आधी माल देणाऱ्यांनी विश्वास ठेवला होता, त्याला आम्ही काय करणार?"

बाहेर पडताच एमेट म्हणाला, "मोडू दे मेलीला. बारा तर बारा. मला पगार वाटायचेत गं." वर्नाने त्याच्या हातावर हात मारून वचन दिलं.

पण दिवाळ्याला कागद फार लागतात. प्रेस्कॉटच्या कचेरीत पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा त्याने फोन केला, "बाई, थोडी खोकी मिळतील?" वर्नाने शंभर पाठवली. बिल कंपनीच्या दिवाळ्यानंतरच्या खर्चात लागलं आणि आठवड्यात पूर्ण पैसे आले. पुढे हिशेबनीस आले, त्यांचे हिशेब तपासणारे आले, तपासणाऱ्यांवर आक्षेप घेणारे वकील आले, आणि प्रत्येक आक्षेपाच्या प्रती खोकी भरभरून सर्वांना गेल्या. नाताळपर्यंत वर्नाने दुसरी पाळी सुरू केली. हा पैसा धनकोंच्याच ताटातला आहे, हे तिला कळत होतं. लाज वाटत होती, पण लाजेवर कोणाचा पगार होत नाही.

मतदानाच्या सकाळी एमेट कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होता.

"ठरल्याप्रमाणे ना, वर्ना?"

"अरे एमेट, घाई करून कसं चालेल? शेवटी कंपनी वाचली पाहिजे."

"कोणासाठी गं?"

वर्ना आत गेली. कंपनी एका मताने जगली. प्रेस्कॉटने त्याच दुपारी पुढल्या वर्षाच्या खोक्यांची मागणी नोंदवली.

एमेटच्या कारखान्याला वसंतात टाळं लागलं. तो लहान, त्याला कारखाना जगवायला लागणारा वकिलांचा खर्चसुद्धा परवडला नाही, म्हणून सरळ मोडीत निघाला. वर्ना लिलावाला गेली आणि त्याची मालवाहू गाडी स्वस्तात घेऊन आली. खोक्यांची ने-आण वाढली होती.

वर्नाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. फक्त तुमची चूल कोणाच्या न मिटणाऱ्या भांडणावर पेटते, तेवढं आधी सांगा.