तात्यांची गोम

आमचे शेजारी लिंबाजी तात्या रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरसुद्धा विश्वास ठेवत नसत. शहागडात हायवेलगत माझा एसटीडी बूथ होता. समोर ट्रक थांबला की तात्या ड्रायव्हरला सोलापूर किती लांब ते विचारत. दोघांनी वेगवेगळे आकडे सांगितले की माझ्याकडे वळून म्हणत, "गोम हाय बघ."

सगळ्यात मोठी गोम त्यांना शिकागोत दिसे. लेक सुमन लग्न होऊन तिकडे गेली होती. मुंबईपासून तेरा हजार किलोमीटर, असं जावयानं सांगितलं, तेव्हापासून तात्यांना जावयाचाच संशय. एवढं अंतर विमान एका दिवसात तोडतं म्हणजे काय! त्यात ते आधी लंडनला उतरतं हे कळल्यावर त्यांनी माझ्या मुलीचा नकाशा मागवला आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवलं.

"शिकागो खाली, अन् विमान वर कामून जातं? भाडं वाढवायला वळसा घालून राह्यले."

पृथ्वी गोल असते, मी समजावलं.

"पृथ्वी असंल गोल. जावई सरळ हाय का, ते सांग."

सुमनचा फोन माझ्याच बूथवर येई. आवाज इतका स्वच्छ, की तात्यांचा संशय बळावला. अंबडहून फोन आला तरी खरखर होते, मग शिकागोचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा कसा? जावयानं पोरीला पुण्यातच कुठंतरी ठेवलंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकदा त्यांनी सुमनला फोन खिडकीबाहेर धरायला लावला. बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि हिरमुसून रिसीव्हर बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या हातात दिला. "एकबी हॉर्न वाजंना. पुणं न्हाई ते."

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी चूल पेटवता पेटवता काकू बसल्या जागी गेल्या. मीच सुमनला फोन लावला. ती लगेच निघते म्हणाली. दुपार कलली तशी भावकी घाई करू लागली. तात्यांनी मला बाजूला घेतलं आणि पोरगी कधी पोचेल ते विचारलं. उद्याची रात्र तरी होईल, मी म्हणालो. वाटलं, आता हेही खोटं ठरवतील. ते काकूंकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उचला."

सुमन आली ती तिसऱ्या दिवशी सकाळी. माणसं सावडायला जमलेली. जीपमधून उतरली आणि उंबऱ्याशीच थबकली.

"तात्या, मला उशीर झाला."

ओसरीवर तिची चुलती बसली होती. एवढी विमानं असून लेकीला आईचं तोंड बघता आलं न्हाई, असं ती कुणाला तरी म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

तात्या चुलतीकडे वळले. "तेरा हजार किलोमीटर हाय. मधी समुद्र हाय. लंडनला थांबावं लागतं. माझी पोरगी लई जल्दी आली."

त्यांनी सुमनला आत नेलं, पाणी दिलं, काकूंची वाकळ अंथरली. ती आडवी झाली तशी रडता रडताच झोपली.

नदीवर पोचेपर्यंत ऊन होईल म्हणून माणसं उठू लागली. तात्या दार ओढून पायरीवर बसले.

"निजू द्या तिला," ते म्हणाले. "उठली की जाऊ."