चार सेकंदांना एक थेंब

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने आईबाबांना चार दिवस वर्षावनातल्या इको-लॉजवर पाठवायचं ठरवलं, तेव्हा बायकोने प्लंबरकाकांना एकच अट घातली.

"तिथे एकाही नळाला हात लावायचा नाही. लावलात, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाला मी दुसरा प्लंबर बोलावीन."

धमकी साधी नव्हती. खुद्द काकांच्या घरातला नळ चार वर्षं गळत होता आणि ही गोष्ट त्यांनी अख्ख्या गल्लीपासून जिवापाड लपवली होती. दुसरा प्लंबर घरात शिरला की संध्याकाळपर्यंत साऱ्या धंद्यात शोभा. त्यांनी मुकाट्याने मान डोलावली आणि एक पाना नि दोन वॉशर लोकरी मोज्यात दडवले.

लॉजवर टीव्ही नाही, पंखा नाही, मोबाईलला रेंज नाही. लाकडी खोली, चारी बाजूंनी झाडं आणि खोलीमागे एक गळका नळ. टप्. जरा शांतता. पुन्हा टप्. बायको पक्ष्यांचे आवाज ऐकून हरखून गेली. काकांना पक्षी ऐकूच येत नव्हते.

"अहो, किती शांत आहे नाही इथे?"

"हो ना," काका दातओठ खात म्हणाले.

दीड दिवस त्यांनी कळ काढली, हे कौतुकाचंच म्हणायला हवं. दुसऱ्या दुपारी बायकोचा डोळा लागला आणि मोज्यातून पाना बाहेर आला. जुना वॉशर इतका कुजलेला, की काढतानाच त्याचे तुकडे झाले. काकांनी नवा बसवला. टपटप थांबली. मग ते खोलीत येऊन असे गाढ झोपले, की बायकोला त्यांना हलवून उठवावं लागलं.

पाच वाजता गाईड आठ पाहुण्यांना घेऊन चवड्यांवर चालत नळापाशी आला. काका-काकूही मागे होतेच.

"या नळाखालच्या खड्ड्यात नखाएवढा निळा बेडूक राहतो," गाईड कुजबुजला. "चार सेकंदांना एक थेंब पडतो, तेवढाच त्याला मानवतो. जास्त पडला तर अंडी वाहून जातात, कमी पडला तर..." तो खाली वाकला. खड्ड्यात नुसता चिखल उरला होता. बेडकाचा पत्ता नव्हता.

"नळ कोणी बंद केला?" गाईड रडवेला झाला.

काकांना एकाएकी झाडांची गोडी लागली. तेवढ्यात पाहुण्यांतले एक निवृत्त इंजिनियर पुढे झाले, त्यांनी तोटी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "कोणीतरी नवशिक्याने हात मारलाय. वॉशर चुकीचा घातलाय."

"चुकीचा?" काका उसळले. "तीस वर्षं वॉशर बसवतोय मी!"

बायकोने नळाकडे बोट दाखवलं.

मग काका खोलीतून मोजा घेऊन आले आणि पाना काढून खाली बसले. तोटी सैल केली, तर धार. आवळली, तर ठणठणीत कोरडी. आयुष्यभर गळत्या बंद करणाऱ्या माणसाला एक गळती जमेना! इंजिनियर घड्याळ धरून सूचना देत होते. आपल्यापायी एवढासा जीव घराबाहेर पडला, या विचाराने काकांना खरंच वाईट वाटत होतं.

शेवटी बायकोला राहवलं नाही. "अहो, आपल्या घरच्या नळासारखा करा ना! बरोबर चार सेकंदांना गळतो तो. भांडी घासताना चार वर्षं मोजतेय मी."

आठ परक्या माणसांपुढे अब्रू गेली, पण काकांची ट्यूब पेटली. घरचा वॉशर त्यांनी गिऱ्हाईकाकडे जायच्या घाईत उलटा बसवला होता, नंतर बघू म्हणून. त्यांनी मोज्यातला दुसरा वॉशर काढला आणि मुद्दाम उलटा घातला.

टप्.

"चार," इंजिनियर घड्याळ पाहून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडूक परतला. गाईडने काकांना मिठीच मारली आणि काकांना वाटलं, चला, आपला गुन्हा माफ झाला.

परतीच्या बसमध्ये रेंज आली, तशी बायको लेकीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. घरी पोचल्यावर काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि जागीच थबकले. टपटप नव्हती. त्यांनी नळ उघडला, बंद केला, वाकून खालून पाहिला. एक थेंब पडेल तर शपथ.

"कोणीतरी नवशिक्या असणार," ते म्हणाले. "वॉशर चुकीचा घातलाय."

"असेल," बायको म्हणाली आणि चार वर्षांत पहिल्यांदाच काही न मोजता तिने भांडी घासायला घेतली.