अर्थ वकिलाला विचारा

आतार सरांना ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, की ते तेच वाक्य पुन्हा वाचतात. जरा सावकाश, जरा मोठ्यानं, शब्दांखाली बोट धरून. तिसऱ्यांदा विचारलं तर चष्मा काढून म्हणतात, ‘वाचून दाखवणं माझं काम. अर्थ वकिलाला विचारा.’ आणि कोर्टात मोफत सल्ला कुठल्या खोलीत मिळतो, ते चिठ्ठीवर लिहून देतात.

हमीद आतार आमच्या भोरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मी शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालो तेव्हापासून रोज सकाळी तिथं पेपर वाचायला जातो, त्यामुळे हे सगळं समोर बसून पाहिलेलं. लांबून माणसं येतात. गुंजवण्याच्या कुणाला धरणात गेलेल्या जमिनीचा नियम हवा असतो, कुणाला बांधाचा. एकदा कामथडीचे एक आजोबा भावकीला शिव्या घालतच आले. म्हणाले, ‘म्या जितंन का हरंन, येवढंच सांगा.’ सरांनी त्यांना वहिवाटीच्या रस्त्याचं कलम वाचून दाखवलं. आजोबांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘ह्ये तर त्याच्याबी बाजूचं हाय.’ सर म्हणाले, ‘पुस्तक दोघांनाही एकच आहे.’ जाताना आजोबा माझ्या कानाशी आले. ‘मानूस चांगला हाय, पर उपेग न्हाई.’

सरांचं दुसरं खूळ आवृत्तीचं. कायदा बदलला की दुरुस्तीचा छापील कागद मिळवतात, कात्रीनं नेमका कापतात आणि खळ लावून पुस्तकात त्या जागी चिकटवतात. कुणी काहीही सांगू लागलं की पहिला प्रश्न, ‘कितवी आवृत्ती?’ चहावाल्यानं कुणाच्या मोडलेल्या लग्नाची बातमी आणली तरी हेच विचारतात.

या खुळाचा मी एकदा उपयोग करून घेतला. ते आता लिहून टाकतो.

आमच्याकडची रीत अशी, की वडील गेल्यावर बहिणीनं जमिनीतल्या वाट्याच्या हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडीचोळी करायची आणि माहेरची वाट उघडी ठेवायची. माझी धाकटी बहीण शालन भोंगवलीला दिलेली. सही करायच्या आधी ती वाचनालयात गेली होती, हे मला तिच्याच तोंडून कळलं.

‘दादा, सरांनी वाचून दाखवलं. तुज्याइतकाच माजा बी वाटा हाय म्हनं.’

ती मागत नव्हती, विचारत होती. मी म्हणालो, ‘त्यांचं पुस्तक जुन्या आवृत्तीचं. कायदा बदललाय.’ पंधरवड्यानं तिनं सही केली. मी हिरवी साडी घेतली, चांगल्यातली घेतली.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी सरांसमोर बसून पेपर वाचला. त्यांनी शालनचा विषय कधी काढला नाही. ते विसरले असतील, असं मी धरून चाललो.

परवा पेपर बाजूला ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. शालनचा वाटा तिला परत करायचाय, तो कसा करतात ते वाचून दाखवा म्हणालो. त्यांनी बक्षीसपत्राचं कलम काढून वाचलं. मी ‘म्हणजे काय?’ विचारलं नाही. एवढंच म्हणालो, की या वेळी कागद होण्याआधी तिला वाचून दाखवायला तुम्ही भोंगवलीला चला.

सरांनी पुस्तक मिटलं. ‘चलू. घर माहीत आहे मला.’

मग त्यांनी सांगितलं. वाचनालयात आली त्या दिवशी शालन कोर्टाच्या खोलीची चिठ्ठी टेबलावरच विसरून गेली होती. पुढच्या रविवारी सर चिठ्ठी खिशात आणि पुस्तक पिशवीत घालून एसटीनं भोंगवलीला गेले. ती म्हणाली, दादा म्हणतो पुस्तक जुनं आहे. सरांनी चिकटवलेली दुरुस्ती दाखवली, तारखेवर बोट ठेवलं आणि अंगणात बसून सगळं पुन्हा वाचलं.

म्हणजे मी खोटं बोललो, हे सहीच्या आधीच तिला कळलं होतं.

‘मग तिनं सही का केली?’ मी विचारलं.

‘ते विचारणं माझं काम नव्हे,’ सर म्हणाले. ‘ताईंनीच मला विचारलं. म्हणाल्या, सर, भाऊबीज कुटल्या कलमात हाय?’

‘तुम्ही काय सांगितलंत?’

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

‘अनुक्रमणिका पाहिली,’ ते म्हणाले. ‘शेवटपर्यंत पाहिली.’